ओव्हन नाही? मग झाकणावर तवा ठेवा : गॅसवरची नानकटाई, धोंडस आणि कोबीचं भानोलं

पहिलंच सांगून टाकते, माझ्याकडे ओव्हन नाही. मायक्रोवेव्ह आहे, त्याला ते कन्व्हेक्शन का काय ते बटणही आहे, पण आमच्याकडे त्यात फक्त दूध आणि कालची भाजी गरम होते आणि उरलेला वेळ त्याच्या डोक्यावर पेपरची रद्दी असते. तरी दिवाळीत नानकटाई, गणपतीच्या आसपास धोंडस म्हणजे काकडीचा केक आणि कोणी जेवायला आलं की भानोलं म्हणजे कोबी-बेसनाची खरपूस भाजलेली वडी, हे तिन्ही माझ्याकडे गॅसवरच होतं, आणि दर वेळी कोणीतरी विचारतंच की अगं वरून असा रंग कसा काय आला. तर तेवढ्यासाठी लिहायला बसलेय.

उत्तर खरं तर एवढुसं आहे. आच वरूनही द्यायची. बस.

माझी आजी मालवणकडची, तिच्याकडे चूल. धोंडस करायचं म्हटलं की टोप चुलीवर, टोपावर सपाट झाकण आणि त्या झाकणावर नारळाच्या करवंट्यांचे रसरशीत निखारे. "खाली दोन इंगळ, वर चार" एवढंच तिचं शास्त्र होतं. सासर माझं सीकेपी म्हणजे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, तिथे भानोलं. सासूबाईंनी लहानपणी त्यांच्या आईकडे तेच बघितलेलं, कोळशाची शेगडी, त्यावर पातेलं, झाकणावर कोळसे. म्हणजे आपल्या बायका कधीपासून बेकिंग करतायत, फक्त त्याला तसं म्हणत नव्हत्या, "भाजायला ठेवलंय" म्हणायच्या.

आणि भाजणं हाच शब्द बरोबर आहे. आजकाल कुकरच्या तळाशी मीठ पसरून केक करतात ना, तो फुगतो, शिजतो, पण वरून बघा, पांढराफटक, हात लावला की चिकट. कारण बंद भांड्यात वाफ कोंडते, वरचा थर ओला राहतो, आणि जोवर तो ओला आहे तोवर त्याची गरमी शंभर डिग्रीच्या वर काही जात नाही. तांबूस रंग आणि तो खमंग वास यायला 140-150 डिग्रीच्या पुढे जावं लागतं. म्हणून वरून कोरडी आच हवी आणि वाफेला थोडी वाट हवी. आता वन बीएचकेत झाकणावर निखारे कुठून ठेवणार, स्मोक अलार्म वाजेल आणि वॉचमन वर येईल. आपल्याकडे निखाऱ्यांच्या जागी लोखंडी तवा आहे.

भांडं कसं लावायचं

जाड बुडाचं मोठं पातेलं घ्या, पाच लिटरच्या खाली नको, हिंडालियमचं, म्हणजे जाड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असेल तर उत्तम. रिटायर झालेला मोठा कुकर असेल तर तोही चालतो, फक्त कुकरचं झाकण वापरायचंच नाही, म्हणजे रिंग आणि शिट्टीची भानगडच नको, वर साधं ताट ठेवायचं. रोजचा कुकर मात्र यात घालू नका, कोरडा तापवला की कधीतरी बूड वाकतं आणि मग आयुष्यभर वरणभात लावताना तो डुगडुगत राहतो, मी एक असा घालवलाय. नॉनस्टिक तर अजिबातच नाही, रिकामं तापत ठेवलं की 260 डिग्रीच्या आसपास ते कोटिंग खराब व्हायला लागतं आणि त्याचा धूर चांगला नसतो.

पातेल्याच्या तळाशी अर्धा-पाऊण किलो जाडं मीठ पसरा, बोटाच्या पेराएवढा थर. पूर्वी यासाठी वाळू असायची, ॲल्युमिनियमचं केकपात्र मिळायचं त्याच्या खालच्या ताटलीत वाळू घालायची, आणि ती वाळू आम्ही समोर बिल्डिंगचं काम चालू होतं तिथून प्लास्टिकच्या पिशवीत आणली होती, सात पाण्याने धुवून गच्चीवर वाळवली तरी चमच्यात कचकच यायचीच. मीठ बरं. मिठावर कुकरची जाळी नाहीतर स्टीलची रिंग, आणि त्यावर आपला डबा किंवा ताटली. डब्याच्या चारी बाजूंनी बोटभर तरी जागा मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर गरम हवा फिरणार कुठून.

आता झाकण. सपाट पाहिजे, म्हणजे वर तवा नीट बसेल. मधे मूठ असेल तर स्क्रू काढून मूठ काढून टाका, किंवा सरळ एक स्टीलचं जाड ताट झाकण म्हणून वापरा. हे मी इतकं ठासून सांगतेय कारण पहिल्यांदा मी शहाणपणा केला आणि मुठीच्या बाजूला तवा तिरका टेकवून ठेवला, दहा मिनिटांत ती काळी प्लास्टिकची मूठ वितळून खाली ओघळली. अख्ख्या मजल्यावर वास, शेजारच्या काकू "काय गं, वायर जळाली का" विचारायला आल्या, आणि आतल्या सगळ्या नानकटाया डायरेक्ट कचऱ्यात.

दोन लोखंडी तवे असतील तर मजा आहे. एक शेजारच्या बर्नरवर मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटं तापवायचा, सांडशीने उचलून झाकणावर ठेवायचा, दुसरा तापत टाकायचा, आणि दर आठ-दहा मिनिटांनी अदलाबदल. एकच तवा असेल तरी होतं, फक्त मधे तो परत तापेपर्यंत झाकण तव्याविना राहतं. बिडाचा तवा असेल तर सोन्याहून पिवळं, तो गरमी धरून ठेवतो. हे करताना ओट्याजवळ पोरं नकोत आणि सिंथेटिक गाऊन नको, कॉटनचा घाला, ओढणी असेल तर खोचून ठेवा.

भांडं आधी तापवून घ्यायचं, रिकामं, झाकण घालून, मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं. तापलं की नाही ते बघायला थर्मामीटर वगैरे नको. छोट्या ताटलीत चिमूटभर मैदा पसरून आत ठेवा. पाचेक मिनिटांत मैदा बदामी झाला तर आच बरोबर. मिनिटाभरातच तपकिरी झाला तर गॅस कमी करा, आणि पाच मिनिटांनीही पांढराच असेल तर अजून थांबा. घाई करणाऱ्याचं इथेच बिनसतं, बाकी सगळं सोपं आहे.

नानकटाई

लालबागला चाळीत होतो तेव्हा नानकटाई घरी भाजायचीच नसायची. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात चार-पाच घरच्या बायका मिळून मैदा, रवा, पिठीसाखर आणि डालडाचा पिवळा डबा घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायच्या. दुपारी पावाचा घाणा निघाला की भट्टी जरा निवलेली असायची, ती आपली वेळ. बेकरीवाला पत्रे द्यायचा, बायका तिथेच लाकडी फळीवर मळायच्या, वळायच्या, आणि किलोमागे भाजणावळ द्यायची. आम्हा पोरांना काम एकच, आपल्या पत्र्यावर नजर ठेवायची, कारण सगळ्यांच्या नानकटाया दिसायला सारख्या आणि कोणाच्यात तूप जास्त पडलंय ते सगळ्यांना माहीत. एका काकूंनी तर प्रत्येक नानकटाईवर चारोळी लावायची पद्धत पाडली होती, ओळख पटावी म्हणून. मग गरम पत्रे बाहेर आले की तिथेच थंड करून पत्र्याच्या डब्यात भरायच्या आणि डबा डोक्यावर घेऊन घरी, वाटेत निम्मा वास लोकांनीच खाल्लेला असायचा.

त्या लाकडाच्या भट्ट्या आता तशाही बंद होत चालल्यात. जानेवारी 2025 मध्ये हायकोर्टाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. हवा बघितली तर बरोबरच आहे ते, हिवाळ्यात सकाळी आमच्या खिडकीतून समोरचा टॉवर दिसत नाही. पण त्या भट्टीत वरच्या कमानीतून जी आच खाली यायची ना, तीच आपण तव्याने आणतोय, एवढं लक्षात ठेवा.

आता साहित्य. मैदा दीडशे ग्रॅम, बेसन तीस ग्रॅम, अगदी बारीक रवा वीस ग्रॅम, पिठीसाखर शंभर ग्रॅम, तूप एकशे दहा ग्रॅम. खायचा सोडा पाव चमचा, दही एक छोटा चमचा, मीठ चिमूटभर, वेलची आणि जायफळ मनासारखं. वजनकाटा नसेल तर आणा, दीड-दोनशे ग्रॅमच्या मापात वाटीचा भरवसा नाही, प्रत्येकाच्या घरची वाटी वेगळी.

तूप साजूकच घ्या. आई डालडा वापरायची, सगळेच वापरायचे, 1937 पासून बाजारात होतं ते आणि नानकटाई त्याने खरंच जास्त भुसभुशीत व्हायची, खोटं कशाला बोलू. पण वनस्पती तुपातलं ट्रान्स फॅट हृदयाला वाईट म्हणून 2022 पासून सरकारने त्यावर दोन टक्क्यांची मर्यादा घातली, म्हणजे तेव्हाचा डालडा आता तसाही मिळणार नाही. साजूक तुपाचा वास निराळाच असतो, आणि भुसभुशीतपणा फेटण्यातून आणता येतो.

फेटणं हेच खरं काम आहे. तूप थिजलेलं, रवाळ पाहिजे, पातळ नको आणि फ्रिजमधला दगडही नको. मुंबईत मे महिन्यात ओट्यावरचं तूप पाण्यासारखं असतं, तेव्हा ते मोजून दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, कडेला गोठायला लागलं की काढा. आधी नुसतं तूप परातीत हाताच्या तळव्याने फेसायचं, मग त्यात थोडी थोडी पिठीसाखर, आणि हे सगळं किमान दहा मिनिटं, रंग पांढरा होईपर्यंत आणि हाताला हलकं लागेपर्यंत. त्यातलं थेंबभर वाटीतल्या पाण्यात टाकून बघा, तरंगलं तर झालं. पातळ तुपात हवा धरत नाही, त्याच्या नानकटाया पसरून बिस्किटं होतात. दाणेदार साखरही चालणार नाही, ती विरघळत नाही आणि भाजताना वितळून पसरवते.

मग दही घालून फेटा. मैदा, बेसन, रवा, सोडा, मीठ, वेलची दोनदा चाळून त्यावर टाका आणि फक्त गोळा करा. मळायचं नाही! चपातीची सवय असते ना, हात आपोआप मळायला लागतो, आणि मैदा मळला की चिवट होतो, मग नानकटाई कुडकुडीत होईल पण तोंडात विरघळणार नाही. पीठ सुकं वाटलं तरी दूध ओतू नका, दोन मिनिटं मुठीत दाबत राहा, हाताच्या उबेने तूप सुटतं आणि गोळा जमतो. अगदीच नाही जमला तर अर्धा चमचा तूप. झाकून पंधरा मिनिटं ठेवा, तोवर भांडं तापतंय.

लिंबापेक्षा थोडे लहान, साधारण वीस ग्रॅमचे गोळे करा, वीस-एकवीस होतात. जरासं चपटं करून वर पिस्ता नाहीतर चारोळी दाबा. ताटलीला तूप लावायची गरज नाही, आत पुरेसं आहे. दोन गोळ्यांत दोन बोटं अंतर. पातेल्यात एका वेळी सात-आठच मावतात, तीन घाणे काढावे लागतात, त्याला इलाज नाही, उरलेले गोळे फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे पसरणार नाहीत.

ताटली आत, झाकण, गॅस मंद-मध्यम. पहिली दहा मिनिटं तवा ठेवायचा नाही, नानकटाईला फुगू द्या. वरून आच आधीच दिली तर वरचा पापुद्रा लवकर धरतो आणि मग तडे पडत नाहीत, आणि तडे हेच तर रूप आहे तिचं. दहा मिनिटांनी बघा, तडे गेलेले दिसले की तापलेला तवा वर. पुढची दहा-बारा मिनिटं, शेवटी पाच मिनिटं झाकणाखाली चमच्याची दांडी अडकवून फट ठेवा म्हणजे वाफ जाईल. कडा बदामी आणि वर हलका रंग आला की काढा. बोट लावलं तर मऊ लागेल, कच्ची आहे असंच वाटेल, आणि इथे नव्वद टक्के लोक अजून पाच मिनिटं ठेवतात आणि जाळतात. ती थंड होताना कडक होते. ताटलीवरच दहा मिनिटं राहू द्या, गरम असताना उचलली तर हातात भुगा येईल.

पहिला घाणा तुमचा तुम्हालाच खायचा आहे असं समजा, दुसऱ्यापासून हात बसतो.

डबा हवाबंद पाहिजे, आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण लावू नका. दिवाळीत पंधरा दिवस आरामात टिकते, पावसाळ्यात तीन दिवसांत मऊ पडते, मग परत तापलेल्या भांड्यात पाच मिनिटं ठेवली की ताजी. आणि हो, कोणीतरी विचारेलच की मावा केकही असाच होईल का. होईल बहुतेक, पण मी त्या वाटेला जात नाही, तो मी ग्रँट रोड स्टेशनजवळच्या मेरवानमध्ये, 1914 साली सुरू झालेल्या इराणी बेकरीत, खाल्लाय, आपण कुठे त्यांच्याशी स्पर्धा करायची.

धोंडस

हे ज्यांच्या घरी झालंय त्यांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी, हा काकडीचा केक. काही घरी याला तवसाळं, तवसोळी असंही म्हणतात, कारण तवसं म्हणजे ती मोठी जून काकडी, पावसाळ्यात कोकणातून येते, पिवळसर सालीची, दुधीएवढी. दादर मार्केटमध्ये गणपतीच्या आधी दिसते, आणि तिथेच बाजूला हळदीची पानंही मिळतात, दोन्ही एकदमच आणा. तवसं नाही मिळालं तर साधी काकडी चालते, फक्त चाखून घ्या, एक कडू काकडी सगळं धोंडस घालवते.

काकडी सोलून, मधल्या बिया जून असतील तर काढून, किसा. कीस पिळायचा नाही, ते पाणीच आपल्याला हवंय. दोन वाट्या कीस पाण्यासकट, एक वाटी तांदळाचा रवा, पाऊण वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, दोन चमचे तूप, मीठ, वेलची, थोडे काजू. इथे वाटी कुठलीही चालेल, सगळ्याला एकच वापरा म्हणजे झालं. तांदळाचा रवा म्हणून इडली रवा वापरला तरी चालतो. आजी घरीच तांदूळ धुवून सावलीत सुकवून जात्यावर भरडायची, मी मिक्सरवर करते, नाहीतर सरळ विकतचा. गव्हाच्या रव्याचंही लोक करतात, ते मऊ होतं, पण मला ते शिऱ्यासारखं लागतं, आपलं मत.

रवा तुपावर मंद आचेवर भाजा, सात-आठ मिनिटं, वास सुटला पाहिजे आणि रंग जेमतेम बदलला पाहिजे. दुसरीकडे काकडीचा कीस आणि गूळ एकत्र उकळा, गूळ विरघळला की खोबरं, मीठ, वेलची. मीठ विसरू नका, गुळाच्या कुठल्याही पदार्थात मीठ नसेल तर ते नुसतं गोड लागतं. आता रवा त्यात सोडा, ढवळत, गॅस मंद, आणि झाकण घालून पाच-सात मिनिटं दणदणीत वाफ काढा. मिश्रण पळीवाढं राहिलं पाहिजे, सैल उपम्यासारखं, घट्ट गोळा झाला तर अर्धी वाटी गरम पाणी नाहीतर नारळाचं दूध घाला. बंद करून अर्धा तास तसंच ठेवा म्हणजे रवा पाणी पिऊन फुगतो. ही वेळ कापली तर धोंडस नंतर आतून कचकचीत राहतं, माझी बहीण दर वर्षी हेच करते आणि दर वर्षी रव्यालाच दोष देते.

डब्याला तूप, त्यावर हळदीचं पान पसरा, पानाची चमकदार बाजू वर. मिश्रण घालून हाताने सपाट करा, दोन इंचांच्या वर थर नको. वर काजू दाबा. तापवलेल्या भांड्यात ठेवा, आणि इथे मात्र तवा पहिल्यापासून वर, कारण याला फुगायचं नाहीये, सुकायचंय. सोडा नाही, काही नाही. मंद आचेवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं, तवा तीन-चार वेळा बदलायचा. आजीचं "खाली दोन, वर चार" इथे शब्दशः लागू आहे, खालची आच जास्त झाली तर गूळ तळाला करपतो आणि पानासकट डब्याला चिकटतो. शेवटची दहा मिनिटं झाकणाला फट. कडा डब्यापासून सुटल्या, वर तपकिरी खरपूस साय धरली आणि सुरी कोरडी निघाली की झालं.

आता सगळ्यात अवघड भाग. गरम कापायचं नाही. वास घरभर, पोरं ताटल्या घेऊन उभी, नवरा सात-बाराची फास्ट लोकल पकडून आलेला, तरी नाही. किमान दोन तास. गरम कापलं तर लगदा होतो, आणि मग सगळे म्हणतात काकडीचा शिरा छान झालाय. दुसऱ्या दिवशी तर अजून छान लागतं, तुकडा तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी गरम करून, बरोबर काही नको. फ्रिजमध्ये तीन दिवस, बाहेर आपल्या हवेत एकच.

कोबीचं भानोलं

हे पटकन सांगते कारण हे पटकनच होतं. सासूबाईंचं खरं भानोलं कोळंबीचं, पण रोजच्याला कोबीचं. कोबी जितका बारीक चिरता येईल तितका बारीक, किसायचा नाही, किसला की पाणी सुटून पचपचीत होतो. तीन वाट्या कोबीला एक वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, अर्धी वाटी नारळाचं जाड दूध, आणि वाटण म्हणजे आलं, सात-आठ लसूण पाकळ्या, तीन-चार मिरच्या, मूठभर कोथिंबीर. हळद, मीठ, किंचित साखर, पाव वाटी तेल. तेल ऐकून तोंड वाकडं करू नका, कमी घातलंत तर बेसन घशात अडकतं आणि वरची खरपूस कडाही येत नाही. सोडा मी घालत नाही, सासूबाईही घालत नाहीत, ढोकळा नाहीये हा.

कोबीला आधी मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, सुटलेल्या पाण्यातच बाकीचं कालवा, मग नारळाचं दूध लागेल तसं. भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट, थालीपिठापेक्षा सैल. कोळंबीचं करायचं असेल तर कोबी नको, सोललेली छोटी कोळंबी दोन वाट्या, वाटणात थोडी चिंच, आणि कोळंबीला हळद-मीठ लावून तेलावर एकदा परतून घ्या म्हणजे तिचं पाणी निघून जातं.

डब्याला भरपूर तेल लावा, दीड इंचाचा थर, वरून अजून चमचाभर तेल सोडा. भांडं तापलेलं, तवा पहिल्यापासून वर, मध्यम आच, तीस-पस्तीस मिनिटं. शेवटची दहा मिनिटं तवा चांगला लाल तापवून ठेवा, वरचा थर तडतडला पाहिजे. याला वाफेची फट अर्ध्यातच द्या, कोबीत पाणी फार. सुरी स्वच्छ निघाली की दहा मिनिटं थांबून वड्या पाडा. मऊ भात, साधं वरण, लिंबू आणि बाजूला भानोल्याची एक वडी, पाऊस पडत असेल आणि लोकल बंद असतील तर याच्यापुढे काही नाही. उरल्या तर सकाळी तव्यावर परतून पावात घालून डब्यात, आमच्याकडे उरावं म्हणूनच दीडपट करतात.

सगळं झाल्यावर ते मीठ फेकू नका. पूर्ण थंड झालं, म्हणजे दोन-तीन तासांनी, की बरणीत भरून ठेवा, वर्षभर तेच वापरता येतं, थोडं करडं पडतं एवढंच. फक्त बरणीवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा की हे खायचं नाही. मागच्या एप्रिलमध्ये आमच्याकडे चिठ्ठी नव्हती, आणि सासऱ्यांनी हौसेने कैरीचं लोणचं घातलं. लोणच्याला वेलची आणि तुपाचा वास येतोय हे पहिल्यांदा शेजारच्या काकूंनीच ओळखलं.